सांधा आणि चाक : वर्धा जिल्ह्यातील लोहारकामाचा एक धागा

वेल्डिंगचे यंत्र, त्याच्या केबली आणि गॅसची नळकांडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यासाठी कारागीर घरच्या घरी जी चाकांची गाडी बनवतो, तिला वर्कशॉपच्या भाषेत नुसते 'ट्रॉली' म्हणतात, आणि ही वस्तू इतकी साधी असते की तिलाही काही पूर्वपीठिका असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अँगलचा सांगाडा, त्यावर पत्र्याचे दोन कप्पे, खाली चार चाके आणि ढकलायला एक दांडा एवढाच तिचा पसारा असतो. पण लोखंडाला लोखंड जोडणे आणि जड वस्तू चाकावर वाहून नेणे या दोन जुन्या विद्या या गाडीत एकत्र येतात, आणि वर्धा जिल्ह्यात त्या दोन्ही विद्या शे-दीडशे वर्षांपूर्वीही परस्परांत गुंतलेल्या होत्या, कारण बैलगाडीच्या चाकाला लोखंड चढवणे हेच तेथील लोहाराचे सर्वांत कसबाचे काम होते. तेव्हा विस्तव एका जागी असे आणि गाडी त्याच्याकडे येई. पुढे विस्तवच वाहता झाला आणि त्याला स्वतःची गाडी लागू लागली. हा बदल कसा घडला हे पाहायचे तर आधी जिल्ह्यातील चाकाकडे वळावे लागते.

वर्धा हा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठा येथे होते, आणि १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या नव्या गावात, म्हणजे आजच्या वर्धा शहरात आले. पुढच्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला आणि १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीकडे फाटा निघाला. रेल्वे आली की बैलगाडी मागे पडते असा एक समज आहे; या जिल्ह्यापुरते तरी उलटेच म्हणायला हवे. हिंगणघाटचा कापूस रेल्वेच्या आधीपासून दूरच्या बाजारांत नावाजलेला होता, आणि रूळ पडल्यावर त्याची मागणी वाढली तेव्हा शेतातला कापूस जिनिंगपर्यंत आणि तेथून स्टेशनपर्यंत नेण्यासाठी अधिक गाड्या लागल्या. सरकी काढण्याचे काम म्हणजे जिनिंग आणि रुईच्या दाबून गाठी बांधणे म्हणजे प्रेसिंग. हे कारखाने जिथे जिथे उभे राहिले तिथे तिथे हंगामात त्यांच्या दारात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या.

या गाड्यांची नावे प्रदेशाची खूण पटवणारी आहेत. मालवाहू गाडीला या भागात 'बंडी' किंवा 'खासर' म्हणतात, माणसे नेणाऱ्या हलक्या गाडीला 'रेंगी' आणि छपराच्या, जरा नेटक्या गाडीला 'दमणी'. त्यांच्या बांधणीत फरक असला तरी चाकाची रीत एकच असे: मध्ये लाकडाचा भरीव 'तुंबा', त्यात बसवलेले 'आरे', आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर वर्तुळ पुरे करणारे वक्र लाकडी तुकडे म्हणजे 'पाटे', आणि या सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे 'धाव'. बहुधा सहा पाटे आणि प्रत्येक पाट्यात दोन याप्रमाणे बारा आरे असा हिशेब असे, आणि लाकूड बाभळीचे असे, कारण बाभूळ टणक असून मार सोसते. लाकडाचे काम सुतार करी, पण धाव नसलेले चाक गाडीला लावता येत नसे, आणि धाव चढवणारा माणूस वेगळा होता. विदर्भात त्याला लोहाराबरोबरच 'खाती' हेही नाव आहे. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात लोहार आणि खाती ही नावे एकाच प्रकरणाच्या मथळ्यात शेजारी शेजारी छापलेली आहेत.

धाव चढवण्याची क्रिया तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण पुढच्या सगळ्या कथेचे मर्म तिच्यात आहे. खाती आधी चाकाचा घेर दोरीने किंवा चाक जमिनीवरून एक फेरा फिरवून मोजी, आणि लोखंडी पट्टी त्या घेराहून थोडी आखूड ठेवून कापी. पट्टीची दोन्ही टोके तो ठोकून उतरती करी, पट्टीला गोल वाक देऊन ती टोके एकमेकांवर आणी आणि भात्याच्या वाऱ्याने पेटवलेल्या भट्टीत तो भाग पिवळसर-पांढरा होईपर्यंत तापवी. या तापमानाला, म्हणजे सुमारे बारा-तेराशे अंश सेल्सिअसला, लोखंड वितळत नाही, पण इतके मऊ होते की घणाच्या घावांनी दोन तुकडे एकजीव होतात. सांध्यावर साचलेली गंजासारखी पापडी पातळ होऊन बाहेर पडावी म्हणून त्यावर बारीक रेती किंवा टाकणखार टाकीत. लोखंड भट्टीतून काढल्यापासून ते लालीवर येईपर्यंत खात्याला जेमतेम काही क्षण मिळत. तेवढ्यात सांडशीने पट्टी ऐरणीवर धरणारा एक आणि घण घालणारा दुसरा अशा दोघांची लय जुळली नाही तर सांधा कच्चा राही आणि पट्टी पुन्हा भट्टीत जाई. धातूशास्त्रात याला भट्टीचा सांधा म्हणता येईल. वेल्डिंगचे हे सर्वांत जुने रूप आहे, आणि आजच्या वेल्डरच्या पूर्वजांची वंशावळ काढायची तर ती वीज किंवा गॅसपासून नव्हे, या भट्टीपासून काढावी लागेल.

गोल जुळला की तो मोकळ्या जागी, गोवऱ्यांच्या वर्तुळाकार विस्तवात ठेवीत. लोखंड तापले की पसरते. सुमारे चार मीटर घेराची पट्टी पाच-सहाशे अंशांपर्यंत तापली तर तिचा घेर अडीच-तीन सेंटिमीटरने वाढतो, आणि थंड असताना चाकापेक्षा लहान असलेली धाव आता चाकावर सैल बसते. तीन-चार माणसे सांडशांनी ती उचलून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवीत, लाकूड जळू लागे, धूर निघे, आणि त्याच क्षणी घागरींनी पाणी ओतले जाई. धाव आकसताना पाटे आऱ्यांवर आणि आरे तुंब्यात इतक्या जोराने दाबले जात की चाकातून करकर असा आवाज येई, आणि ज्या चाकात एकही खिळा नाही ते चाक वर्षानुवर्षे ओझे वाहण्यास तयार होई. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या कोरड्या हवेत लाकूड आटून धाव ढिली पडे, म्हणून चाके पाण्यात भिजत घालण्याची रीत होती. तेवढ्याने भागले नाही तर मृगापूर्वी ती खात्याकडे नेऊन धाव काढून, थोडी कापून, पुन्हा जोडून चढवून घ्यावी लागे. चैत्र-वैशाखात लोहारशाळेसमोर उभी असलेली चाके हा त्यामुळे गावाच्या पंचांगाचाच भाग होता.

या कामाचा मोबदला बहुधा बलुत्याच्या रूपाने, म्हणजे सुगीच्या वेळी ठरलेल्या धान्याच्या मापाने मिळे, आणि त्यात वखराची 'पास', म्हणजे जमीन खरवडणारे पाते, तिफणीचे फण, विळे आणि कुऱ्हाडी शेवटून देणेही येई. 'शेवटणे' म्हणजे बोथट हत्यार तापवून, ठोकून त्याला पुन्हा टोक किंवा धार काढणे. कच्चे लोखंड पूर्वी शेजारच्या चांदा जिल्ह्यातून येई, जिथे लोहारा येथील खनिज प्रसिद्ध होते आणि छोट्या भट्ट्यांतून ते गाळले जाई; रेल्वेबरोबर विलायती पट्ट्या आणि सळ्या स्वस्तात मिळू लागल्यावर तो पुरवठा आटला. खात्याची अवजारे मात्र त्याने स्वतः किंवा त्याच्या वडिलांनी घडवलेली असत. सांडशी, छिन्नी, पोगर, साचे या वस्तू बाजारातून आणणे त्याला कमीपणाचे वाटे, आणि त्यात व्यवहारही होता: ज्याच्या हातात ज्या जाडीची पट्टी आणि ज्या वाकाची वस्तू येणार, त्याच्या सांडशीचा जबडा त्याच मापाचा लागतो, आणि असे माप दुकानात मिळत नाही.

जिनिंग-प्रेसिंग आणि कापडगिरण्या या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्थिरावल्या तेव्हा लोखंडाच्या कामाला दुसरे घर मिळाले. हिंगणघाट आणि पुलगाव येथील गिरण्यांत वाफेची इंजिने, बॉयलर, लांबच लांब फिरते दांडे आणि त्यांवरचे पट्टे होते, आणि त्यांची निगा राखणारा माणूस लोहार नव्हता, 'फिटर' किंवा 'मिस्त्री' होता. तेथे सांधा जोडण्याची रीत रिबिटाची होती, म्हणजे दोन पत्र्यांतून आरपार भोक पाडून, त्यात तापवलेली खुंटी घालून, तिचे दुसरे टोक ठोकून बसवणे. रिबिट आणि धाव यांचे तत्त्व एकच आहे, हे सहसा लक्षात येत नाही. तापलेली खुंटी थंड होताना आखडते आणि पत्र्यांना आवळते, त्यामुळेच बॉयलर गळत नाही. खात्याच्या घरातला मुलगा गिरणीत मिस्त्रीच्या हाताखाली लागला तर त्याला परके वाटावे असे तेथे फारसे काही नव्हते. परकी होती ती फक्त घड्याळाची शिस्त आणि महिन्याचा पगार.

यानंतर वर्ध्याच्या इतिहासात जे पर्व येते ते अवजारांच्या दृष्टीने देशात एकमेव म्हणावे असे आहे. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचे ठरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचे ठाणे बसले, महात्मा गांधींचे १९२८ मध्ये निवर्तलेले सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले, आणि चिटणीस म्हणून जे. सी. कुमारप्पा यांनी काम हाती घेतले. तेलघाणी, कागद, मधमाशा, गूळ, चूल आणि दिवा यांवर तेथे प्रयोग झाले. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी, रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगनदीप आणि धूर बाहेर काढणारी मगनचूल ही त्यातली माहीत असलेली नावे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले. जवळच गोपुरी येथे विनोबांच्या प्रेरणेने १९३४ मध्ये निघालेल्या ग्रामसेवा मंडळात चरखे आणि त्यांचे सुटे भाग बनू लागले, ज्यांना त्या वर्तुळात 'सरंजाम' असा भारदस्त शब्द आहे.

या साऱ्या खटाटोपामागे अवजाराबद्दल एक स्पष्ट कल्पना होती. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले तेव्हा अटी घातल्या होत्या त्या अशा की यंत्र भारतात बनवून दीडशे रुपयांच्या आत पडावे, अधूनमधून डागडुजी करत वीस वर्षे चालावे आणि डागडुजीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात बनलेले यंत्र या स्पर्धेत उतरले होते, पण बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. स्पर्धा फसली तरी तिच्या अटी वाचण्याजोग्या आहेत, कारण अवजाराची पारख करताना त्यात वेगाइतकेच वजन दुरुस्तीला दिलेले दिसते. सूत काढणाऱ्याला चाती, म्हणजे चरख्याची सूत पिळणारी सळई, वाकली तर ती स्वतः सरळ करता यावी अशी अपेक्षा असे. गांधींनी यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता आणि ते बनवायला कारखाना लागेल, त्यात मोठी यंत्रे चालतील, हेही मान्य केले होते. म्हणजे अवजाराच्या मागे आणखी एक अवजार असते ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. तरीही असे म्हणावेसे वाटते की मगनवाडीचा संसार मुख्यतः लाकूड, माती, सूत आणि तेल यांचा राहिला. लोखंड तेथे पाहुण्यासारखे वागवले गेले, आणि खात्याची भट्टी, जी या विचाराचे तयार उदाहरण म्हणून पुढे ठेवता आली असती, ती चरख्याच्या सावलीत दिसेनाशी झाली.

दरम्यान युरोपात लोखंड जोडण्याची रीत मुळापासून पालटली होती. रशियातील निकोलाय बेनार्दोस याने १८८० च्या दशकात कोळशाच्या कांडीतून विजेचा कमान-ज्वाल पाडून धातू वितळवण्याची पद्धत शोधली. स्वीडनमधील ऑस्कर शेलबेरी याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोखंडी कांडीला लेप दिला, जो जळताना निघणाऱ्या वायूने आणि वर साचणाऱ्या मळीने वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन एकत्र जाळून तीन हजार अंशांवर जाणारी ज्योत मिळाली. भट्टीच्या सांध्यात लोखंड वितळत नसे, या नव्या सांध्यात ते वितळते. त्यामुळे घणाची, ऐरणीची आणि दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. रेती आणि टाकणखार जे काम करीत तेच काम आता कांडीवरचा लेप करू लागला, एवढे साम्य मात्र टिकले. भारतात १९३५ मध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन पुरवणारी इंडियन ऑक्सिजन ही कंपनी निघाली, आणि १९५१ मध्ये स्वित्झर्लंडच्या एर्लिकॉनशी भागीदारी करून मुंबईत अडवानी-एर्लिकॉनने कांड्यांचे उत्पादन हाती घेतले. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यातून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, वेल्डर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून शिकवला जाऊ लागला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर तारा हळूहळू गावांपर्यंत गेल्या.

खेड्यात वेल्डिंग पोहोचण्याच्या या वाटेत एक गमतीचा दुवा ग्रामोद्योगांचाच आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस गोबरगॅसच्या ज्या संयंत्राचा पुरस्कार केला, त्यात शेणाच्या काल्यावर तरंगणारी पोलादी पत्र्याची टाकी होती. तिच्यात गॅस साठे आणि तो वाढला की टाकी वर उचलली जाई. या टाकीचा प्रत्येक सांधा हवाबंद हवा, आणि तो घणाने किंवा रिबिटाने तितका सहज साधत नाही, म्हणून ती वेल्डिंग करूनच बनवावी लागे. म्हणजे ज्या चळवळीने विजेवर चालणाऱ्या कारखान्याला अंतरावर ठेवले, तिच्याच एका लोकप्रिय योजनेने तालुक्याच्या गावी 'फॅब्रिकेशन'च्या दुकानाला काम दिले. पुढे वर्ध्यात १९७६ मध्ये कुमारप्पांच्या परंपरेतील देवेंद्रकुमार यांनी सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था काढली, आणि मगनवाडीच्याच आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे. जिल्ह्याच्या अर्थकारणात लोखंडाला मोठे स्थान मिळाले ते मात्र भुगावच्या पोलाद कारखान्याने आणि देवळी, हिंगणघाट, वर्धा येथील औद्योगिक वसाहतींनी.

खात्याच्या धावेचा शेवट मात्र याहून शांतपणे झाला. हवेचे टायर बसवलेली, लोखंडी आसाची बैलगाडी आली, तिला धाव लागत नव्हती. नंतर ट्रॅक्टर आला आणि त्याची ट्रॉली तर सुरुवातीपासून वेल्डिंगचीच वस्तू होती. चाक घेऊन खात्याकडे जाण्याचे कारण संपले, आणि गंमत अशी की 'ट्रॉली' हा शब्द बंडीच्या जागी आला तसाच तो वेल्डिंगवाल्याच्या घरातल्या छोट्या गाडीलाही लागला.

या छोट्या गाडीची गरज यंत्रांच्या वजनातून निर्माण झाली. सुरुवातीची वेल्डिंगची यंत्रे म्हणजे तेलात बुडवलेले तांब्याच्या तारांचे ट्रान्सफॉर्मर होते, जे विजेचा दाब कमी करून प्रवाह वाढवतात. त्यांना खाली लोखंडी चाके आणि ओढायला दांडा कारखान्यातूनच असे, पण ती चाके फरशीसाठी होती, मुरुमाच्या अंगणासाठी नव्हे. गॅस वेल्डिंगची गोष्ट आणखी अवघड. सात घनमीटर ऑक्सिजन दीडशे बार दाबाने भरलेले नळकांडे माणसाच्या खांद्याएवढे उंच आणि एका माणसाएवढ्या वजनाचे असते. ते आडवे पडून त्याची झडप तुटली तर आतला वायू त्याला बाणासारखे फेकू शकतो. ॲसिटिलीनच्या तांबूस नळकांड्यात वायू ॲसिटोन या द्रवात विरघळवून ठेवलेला असतो, त्यामुळे ते उभेच ठेवावे लागते, नाहीतर वायूबरोबर द्रवही बाहेर येतो. ज्यांना ॲसिटिलीनचे नळकांडे परवडत नसे ते कार्बाइडचे खडे पाण्यात टाकून वायू काढणारी टाकी वापरीत. ही टाकी आणि ऑक्सिजनचे काळे नळकांडे हातगाडीवर बांधून रस्त्याच्या कडेला उभा असलेला गॅसवाला हे दृश्य अनेक वर्षे परिचित होते, आणि घरगुती ट्रॉलीचे पहिले रूप म्हणून त्या हातगाडीकडेच बोट दाखवावे लागेल.

घरच्या ट्रॉलीची बांधणी साधारणपणे अशी होते. ३५ मिलिमीटरचा अँगल कापून पाऊण मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशी चौकट मांडतात. कोन गुण्याने पाहतात, पण खरी खात्री दोन्ही कर्ण दोरीने मोजून करतात, कारण कर्ण सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. मग चारही कोपऱ्यांत आधी नुसते टाके मारतात, म्हणजे ठिपक्याएवढे सांधे, आणि पूर्ण सांधे समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने घेतात. यामागचे कारण खात्याला ठाऊक असलेलेच आहे. वितळलेला धातू थंड होताना आखडतो आणि दोन्ही बाजूंना आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सलग सांधा घातला तर चौकट पिळवटते आणि चारपैकी एक चाक कायमचे हवेत राहते. ज्या आखडण्याने धाव चाकाला मिठी मारी, तेच आखडणे येथे शत्रू होऊन बसते. नवशिक्या वेल्डरची पहिली ट्रॉली या एका गोष्टीमुळे बहुधा डगमगती असते, आणि तिच्या एका पायाखाली पत्र्याचा तुकडा चिकटवलेला दिसतो.

नळकांड्याचा तळ ठेवायची पाटी जमिनीपासून चार-पाच बोटांवरच घेतात, म्हणजे जड नळकांडे उचलावे लागत नाही, तिरपे करून, फिरवत फिरवत वर सरकवता येते. त्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांशावर एक आणि खाली एक अशा दोन साखळ्या असतात. मागची चाके मोठी आणि चौकटीच्या बाहेर बसवतात, कारण ओझे मागे आणि उंच असल्याने पाया रुंद हवा. पुढची चाके लहान, फिरती, 'कॅस्टर'ची असतात. वरचा कप्पा मागच्या बाजूला किंचित कलता ठेवला की यंत्राची बटणे उभ्या माणसाला नीट दिसतात. बाजूला केबलींची वेटोळी अडकवायला दोन वाकवलेल्या सळ्या, कांड्या कोरड्या ठेवायला झाकणाचा पाइप, आणि मळी झाडायच्या हातोडीसाठी एक कडी. कांडी धरायचा होल्डर मात्र लोखंडी सांगाड्याला टेकू नये म्हणून लाकडाच्या किंवा रबराच्या तुकड्यावर अडकवावा लागतो, नाहीतर ट्रॉलीवरच ठिणगी पडते.

मागच्या चाकांसाठी कारागीर बहुधा भंगाराच्या दुकानात जातो, आणि जुन्या स्कूटरची दहा इंची चाके त्याला सोयीची पडतात. येथे वर्ध्याच्या वाचकाला एक योगायोग सांगण्याजोगा आहे. बजाज स्कूटर बनवणारी कंपनी १९४५ मध्ये 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाने निघाली होती, आणि बछराज हे वर्ध्याचे व्यापारी, ज्यांच्या घरात जमनालाल दत्तक आले. मगनवाडीला बाग देणाऱ्याच्या नातवांच्या काळात घरोघरी पोहोचलेले 'चेतक'चे चाक निवृत्तीनंतर वेल्डिंगच्या गाडीखाली येते, हा प्रकार ग्रामोद्योग संघाच्या कोणत्याही योजनेत नव्हता, पण जुनी वस्तू घरच्या कौशल्याने पुन्हा कामी लावण्याची ती वृत्ती संघातल्या लोकांना परकी वाटली नसती. चाकांवर काहीतरी बसवून गल्लीतून ढकलत नेण्याची हौस तर या जिल्ह्याला लहानपणापासूनच लागते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले चाकांवरचे लाकडी बैल ओढतात, आणि सिंदी (रेल्वे) येथे तर हे नंदी आकाराने मोठे, सजवलेले असून ते पाहायला दुरून लोक येतात.

इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्राने अलीकडे या गाडीचे गणित बदलले. हे यंत्र विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करते, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो आणि सगळे यंत्र सहा-सात किलोंत बसते. घरगुती सोळा अँपिअरच्या सॉकेटवर अडीच मिलिमीटरची कांडी त्यावर चालते, आणि शेतकऱ्याच्या गोठ्यातही छोटे वर्कशॉप थाटता येते. इतक्या हलक्या यंत्राला गाडी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे, पण ग्राइंडर, केबली, कांड्यांचे डबे, काच, चिमटे आणि अर्थिंगची पकड यांचा पसारा यंत्र लहान झाले म्हणून लहान होत नाही. त्यामुळे ट्रॉली टिकली, फक्त तिचा घाट बदलला, आणि ती बनवणारा अनेकदा नवे यंत्र आणल्यावर पहिले काम म्हणून तीच बनवतो, जसा खाती भट्टी लावली की आधी सांडशी घडवी. अशा ट्रॉलीवर शिकाऊपणाचे सांधे कायम राहतात: कुठे फुगीर, कुठे छिद्रांचे, कुठे अँगल जाळून खाली गेलेले, आणि वर्षभराने जोडलेल्या दांड्यावरचे सरळ, एकसारखे खवल्यांचे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मापाने केलेला तिचा खालचा कप्पा आता रिकामा असतो, आणि मृगाच्या आधी त्यात गावातून आलेले विळे, कुदळी आणि वखरांच्या पासा शेवटायच्या म्हणून ठेवलेल्या असतात.